दुकानात निर्णय घेणारा माणूस हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

स्थानिक दुकाने आणि कॉर्पोरेट साखळी दुकाने या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. जळगाव-धुळ्यापुरती असलेली ही चर्चा आता अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावांतही ऐकू येते, कारण साखळी दुकानेच तेथवर येऊन पोहोचली आहेत. आलेल्या बहुतेक पत्रांत एका बाजूने जुन्या दुकानांतील जिव्हाळ्याचे गोडवे गायले आहेत आणि दुसऱ्या बाजूने मॉलमधील सवलतींचे आकडे दिले आहेत. मला ही दोन्ही प्रतिपादने अपुरी वाटतात. मी लहान दुकानदारांचे हिशेब लिहून आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरून पोट भरतो, तेव्हा माझे मत तटस्थ माणसाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र ज्याला दुकानाच्या वह्या उघडून पाहाव्या लागतात, त्याला दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा त्याचा व्यवहार अधिक ठाऊक असतो, आणि त्या आधारावरच हे पत्र लिहीत आहे.

मोठ्या कंपन्यांविषयी आकस धरणे आम्हा अमळनेरकरांना शोभणारही नाही. आज जगभर व्यवसाय करणारी विप्रो ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने स्थापन झाली ती वनस्पती तूप बनवण्यासाठी, आणि तिचा पहिला कारखाना याच गावात उभा राहिला. त्या काळी शेअर घेऊन ते जपून ठेवणाऱ्या आमच्या गावातील कुटुंबांचे पुढे काय भले झाले, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. तेव्हा आकाराने मोठे ते वाईट आणि लहान ते चांगले, अशी माझी समजूत नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. ‘वैयक्तिक सेवा’ म्हणजे हसून केलेले स्वागत, नावाने मारलेली हाक किंवा समोर आलेला चहाचा कप असे आपण धरून चालतो. पण हसणे आणि स्वागत करणे साखळी दुकानांनीही आपल्या नोकरांना शिकवले आहे, आणि वातानुकूलित दारातून आत शिरताना होणारे स्वागत पुष्कळदा गल्लीतल्या दुकानदाराच्या तुटक ‘काय पाहिजे?’पेक्षा सुखद असते. खरा फरक असतो तो आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला काही ठरवण्याचा अधिकार आहे की नाही, यात. माल बदलून देणे, थोडे थांबणे, चार पैसे सोडणे, अर्धा नग देणे, ‘हे घेऊ नका, तुमच्या कामाचे नाही’ असे सांगणे, ही सगळी कामे निर्णयाची आहेत. लहान दुकानात विकणारा आणि ठरवणारा हा एकच माणूस असतो, किंवा निदान गल्ल्यावर बसलेला त्याचा भाऊ, मुलगा अथवा बायको तरी असते. साखळी दुकानात विकणारा येथे असतो आणि ठरवणारा मुंबईत, बंगळुरूत किंवा संगणकाच्या पडद्याआड कोठेतरी असतो. बिल करणाऱ्या मुलाचा यात काहीही दोष नाही. तो आपल्याच पारोळ्याचा किंवा धरणगावचा, बहुधा कंत्राटावर लागलेला मुलगा असतो. ‘सिस्टिम घेत नाही, काका’ हे त्याचे उत्तर उद्धटपणाचे नसून शब्दशः खरे असते.

खान्देशातील लग्नाचा बस्ता हे या फरकाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे, आणि बाहेरच्यांना ते सहसा कळत नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन्ही पक्षांची मिळून वीस-पंचवीस माणसे गाडी करून धुळ्याला, जळगावला किंवा मालेगावला जातात, नाहीतर रेल्वेने थेट सुरत गाठतात. दुकानात पांढऱ्या गाद्यांवर बैठक बसते आणि नवरीचा शालू, मानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, नवरदेवाचा पोशाख, टोप्या, टॉवेल अशी खरेदी दिवसभर चालते. वरवर पाहणाऱ्याला ती नुसती गर्दी आणि गोंगाट वाटेल. पण त्या दिवसभरात दुकानदार किती गोष्टी ठरवत असतो, हे पाहण्यासारखे असते. नवरीच्या बापाचा अंदाज किती आहे, हे तो चारचौघांत विचारत नाही. दोन-तीन साड्यांवर बापाची नजर कशी फिरते ते पाहून तो नोकराला खूण करतो, आणि मग वरच्या फळीवरचा भारी माल खाली उतरतच नाही. मानाच्या साडीवरून एखादी आत्या रुसली, तर तिचा मान राहील आणि बिलही फुगणार नाही, अशी साडी तोच शोधून काढतो. आहेराला नेमके किती लोक येतील हे कोणालाच माहीत नसते, म्हणून साड्या जास्तीच्या बांधून दिल्या जातात. लग्न पार पडल्यावर घडी न मोडलेल्या साड्या परत येतात आणि त्यानंतर हिशेब पुरा होतो. मध्येच सुतक आले आणि तिथी पुढे गेली, तर बांधलेला बस्ता दुकानातच राहतो. त्याचे भाडे कोणी आकारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

२०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला, म्हणजे टाळेबंदीच्या ऐन मध्यावर आली. आमच्याकडे लग्नांचा मोसम हाच. कित्येक घरांचे बस्ते आधीच बांधून झाले होते, पैसे अर्धे दिले होते आणि लग्ने मात्र पुढे गेली होती किंवा पाच-दहा माणसांत उरकली जाणार होती. मी ज्यांचे हिशेब लिहितो त्या कापड दुकानदारांनी त्या मोसमात आहेराचा माल परत घेतला, काहींनी पैसे पुढच्या खरेदीत वळते केले, आणि एकाने तर ज्या घरात कर्ता माणूस गेला त्या घरचे येणे खात्यातून काढून टाकले. या नोंदी मी स्वतः केल्या असल्यामुळे ऐकीव गोष्ट सांगतो आहे, असे कोणी समजू नये. त्यांचे स्वतःचे सुरतेच्या व्यापाऱ्यांचे देणे थकलेले असतानाही त्यांनी हे केले. धर्मादाय म्हणून केले असे मात्र मी म्हणणार नाही. त्या घरात अजून दोन मुलींची लग्ने व्हायची आहेत, हे दुकानदाराला पक्के माहीत होते. पण ते माहीत असणे आणि त्यावरून तेथल्या तेथे निर्णय घेता येणे, हीच तर सेवा आहे. परत घेण्याची मुदत, लेबल शाबूत असणे आणि बिल सोबत असणे, या तीन अटींवर चालणाऱ्या दुकानाला हे जमणार नाही. तेथील व्यवस्थापकाचे मन मोठे असले, तरी त्याच्या हाती काही नसते.

किराण्याच्या उधारीचे वर्षही असेच येथल्या शेतीच्या वर्षाला बांधलेले आहे. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, ठरतो तो आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत, आणि त्याच्या घरी लागणारा किराणा कित्येकदा शेतमालकाच्या खात्यावर जातो. कपाशी वेचणीला येते ती दसऱ्याच्या सुमारास, म्हणून हातात पैसा खेळतो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि तोवर तेल, साखर, चहा आणि मुलांच्या वह्या हे सारे दुकानदाराच्या चोपडीत लिहिले जाते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचा घास घेतला तेव्हा कोणाचे खाते पुढच्या वर्षात ओढायचे आणि कोणाला ‘आता रोखीने न्या’ म्हणायचे, हे त्या-त्या दुकानदाराने माणूस पाहून ठरवले. साखळी दुकानातही उधारी मिळते, पण ती क्रेडिट कार्डावर किंवा हप्त्यांच्या योजनेवर मिळते, आणि त्यासाठी जो पतगुणांक लागतो तो सालदाराकडे नसतो. मात्र उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. जुने खाते थकले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, आणि मग त्याला माल निवडून घेण्याचे धाडसही होत नाही. उधारीच्या जिव्हाळ्यावर ज्यांनी पत्रे लिहिली, त्यांनी ही बाजू लिहिलेली नाही.

पिठाच्या गिरणीला तर साखळी दुकानांपुढे स्पर्धाच नाही. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे, बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारीचा जाडसर भरडा काढायचा, मिरचीनंतर गव्हाचा डबा घ्यायचा नाही, हे सारे गिरणीवाला न सांगता करतो, आणि उन्हाळ्यातील वाळवणाच्या दिवसांत कोणाचा डबा आधी यावर होणारी भांडणेही तोच मिटवतो. भाजीबाजारातील बाईसुद्धा ‘भरितासाठी की भाजीसाठी?’ एवढे विचारल्याशिवाय वांग्याला हात लावत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण आकाराच्या मानाने हलके आणि कमी बियांचे वांगे नेमके कोणते, हे त्या मानांकनाच्या कागदात पाहून ओळखता येत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र हा फरक केवळ रुचीचा राहत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. भुसावळचा उन्हाळा तर रेल्वेतल्या परप्रांतीयांनाही ठाऊक आहे. अशा दिवसांत आमच्या घरचा, एका मोठ्या साखळी दुकानातून घेतलेला शीतकपाट बंद पडला. दुकानाने कंपनीचा टोल फ्री क्रमांक दिला, त्या क्रमांकाने तक्रार क्रमांक दिला, आणि पुढे ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे’ असा संदेश आला, तेव्हा घरी कोणी फिरकलेलेही नव्हते. दुकानात पुन्हा गेलो असता तेथील मुलाने अतिशय नम्रपणे सांगितले, की विक्रीनंतरची सेवा हा त्यांचा विभाग नाही. उलट आमच्या गल्लीतील कूलर बसवून देणारा कारागीर पंप जळाला तर त्याच संध्याकाळी येतो, जुन्या पंपाची जळालेली तार नव्याने गुंडाळून मिळते का ते आधी पाहतो, आणि गवताच्या जाळ्या अजून एक उन्हाळा निघतील असे वाटले तर नव्या विकत नाही. त्याच्याकडे तक्रार क्रमांक नसतो. पण तो कोठे राहतो हे मला माहीत आहे आणि हे मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे.

येथवर वाचून मी लहान दुकानदारांची वकिली करतो आहे असे वाटेल, म्हणून उरलेले त्यांच्याविषयीच लिहितो. ज्याला माझ्या बाजूने निर्णय घेण्याचा अधिकार आहे, त्याला तो माझ्या विरुद्ध घेण्याचाही अधिकार आहे, आणि आपल्या बाजारपेठांत तो कोणाविरुद्ध वापरला जातो हे आपण सर्व जाणतो. धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपडा-यावलच्या सातपुड्यातील पाड्यांवरून बाजाराला उतरणाऱ्या आदिवासी गिऱ्हाईकाला पुष्कळ दुकानांत जो भाव सांगितला जातो तो माझ्यासारख्याला सांगितला जात नाही, आणि ज्या सुरात सांगितला जातो तो सूरही वेगळा असतो. त्याला गादीवर बसवत नाहीत. त्याने साडी उलगडून पाहिली तर ‘घ्यायची आहे का?’ असे आधी विचारतात. साखळी दुकानात त्याच साडीवर छापलेली एकच किंमत असते, ती कलेक्टरच्या बायकोलाही तीच आणि पाड्यावरच्या बाईलाही तीच. कोणी पुढे-मागे फिरत नाही आणि न घेता बाहेर पडले तरी कोणी तोंड वाकडे करत नाही. शहादा-नंदुरबारकडील तरुण आदिवासी मुले या दुकानांकडे का वळतात, याचे उत्तर केवळ सवलतींमध्ये शोधणाऱ्या व्यापारी मित्रांनी जरा आपल्या दुकानात उभे राहून ऐकावे. मुलींचेही तसेच आहे. सॅनिटरी पॅड मागण्यासाठी गल्ल्यावरच्या ओळखीच्या ‘काकां’समोर गर्दी ओसरायची वाट पाहत उभे राहायचे आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचे, यापेक्षा फळीवरून स्वतः उचलून बिल करून निघून जाणे तिला अधिक बरे वाटते. अशा वेळी ओळख नसणे हीच तिच्या दृष्टीने चांगली सेवा असते.

कृषी सेवा केंद्रांचा अनुभव याच प्रकारातला आहे. बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत २०१५ च्या आदेशान्वये केंद्र सरकार ठरवते; २०२५ च्या हंगामासाठी बीजी-२ (बोलगार्ड-२) प्रकारच्या पाकिटाला ती ९०१ रुपये होती. तरीही एखाद्या वाणाला मागणी वाढली की ‘हे पाकीट हवे तर सोबत ते घ्या’ अशी लिंकिंगची भाषा सुरू होते आणि उधारीत अडकलेल्या शेतकऱ्याला ती निमूट ऐकावी लागते. कंपन्या आपल्यावर लिंकिंग लादतात, असे विक्रेते सांगतात आणि त्यात तथ्य आहे; पण ओळखीच्या शेतकऱ्याला बिल न देता पाकीट देण्याचे कारण कंपनी नसते. बियाणे उगवले नाही, तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे बिल, पाकीट आणि त्यावरील लॉट क्रमांक लागतो, आणि ‘आपलाच माणूस आहे, बिल कशाला मागायचे’ म्हणून गप्प राहिलेला शेतकरी तेथे रिकाम्या हातांनी उभा राहतो. ओळखीवर टाकलेल्या विश्वासाची किती मोठी किंमत मोजावी लागते, हे खान्देशातील पतसंस्थांच्या ठेवीदारांना तर विचारूच नये. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे पुष्कळांना पैसे अडकल्यावर कळले. ठेव गोळा करायला घरी येणारा माणूस ओळखीचा होता, एवढ्यावर त्यांनी भागवले होते.

म्हणून लहान दुकानदारांना माझे पहिले सांगणे बिलाविषयी आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावरही सांगत असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यानुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. तेव्हा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही जी पाटी आपल्या बाजारात देवाच्या तसबिरीशेजारी लटकत असते, तिला सदोष मालापुरता कायद्याने काहीही अर्थ उरलेला नाही. ‘बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा लागेल’ हे उत्तरही बहुधा चुकीचे असते. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. ज्याची वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत आहे आणि ज्याने कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) घेतली आहे, त्या दुकानदाराला तर गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. त्याने ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे कर वेगळा न दाखवलेले बिल, द्यायचे असते. नोंदणी असलेल्या दुकानदाराला दोनशे रुपयांच्या आतील विक्रीवर गिऱ्हाईकाने मागितले नाही, तर वेगळे बिल देण्याची सक्ती नाही, एवढी मोकळीक कायद्याने ठेवली आहे, आणि किराण्याच्या दुकानाला ती पुरेशी आहे. त्यावरच्या खरेदीचे बिल देणाऱ्याचा धंदा बुडाल्याचे माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला आढळलेले नाही. उधारीची नोंदही दोन ठिकाणी असावी, एक दुकानाच्या चोपडीत आणि एक गिऱ्हाईकाच्या हातातील लहान वहीत, रोख आणि उधार या दोन्ही भावांसह. पूर्वी ही पद्धत पुष्कळ दुकानांत होती. मोबाइलच्या अॅपवर खाते ठेवण्याची सोय झाल्यापासून गिऱ्हाईकाच्या हातातील वही गेली आणि वाचता न येणाऱ्या माणसाला शेजारच्या मुलाकडून तपासून घ्यायलाही काही उरले नाही.

सराफ बाजाराने हा बदल, कायद्याच्या रेट्याने का होईना, पचवला आहे. जळगावच्या सोन्याची ख्याती पेढीच्या नावावर उभी होती. अमुक पेढीचा दागिना म्हणजे कस लावून पाहायची गरज नाही, असे लोक मानत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक असणे बंधनकारक झाले आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपवर कोणालाही तो तपासता येतो. त्यामुळे शुद्धतेपुरती लहान पेढी आणि देशभर शाखा असलेली पेढी एका पायरीवर आल्या. उरला तो घडणावळीचा, जुना दागिना मोडीत घेताना धरल्या जाणाऱ्या घटीचा आणि दुरुस्तीचा प्रश्न, आणि तेथे स्थानिक सराफ अजूनही उजवा ठरतो, कारण तुटलेली साखळी तो गिऱ्हाईकासमोर बसून जोडून देतो. जळगावच्याच काही पेढ्यांनी मधल्या काळात छत्रपती संभाजीनगर, नाशिक येथे शाखा काढल्या, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तेथील लोकांच्या दृष्टीने ती साखळी दुकानेच आहेत. तरीही मूळ पेढीवर घरातील माणूस बसतो तोवर गिऱ्हाईकाची तक्रार निर्णयापर्यंत पोहोचते, असा अनुभव आहे.

साखळी दुकानांकडूनही माझी हीच अपेक्षा आहे, आणि ती अवास्तव नाही. शाखेच्या व्यवस्थापकाला ठरावीक रकमेपर्यंत माल बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि दुरुस्तीसाठी स्थानिक कारागीर बोलावण्याचा अधिकार द्यावा आणि ती रक्कम दर्शनी भागात मराठीत लिहावी. बिल करताना मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना तशी सूचना केली आहे, पण आमच्याकडे क्रमांक सांगितल्याशिवाय ‘बिल पुढे जात नाही’ असे आजही ऐकावे लागते. अहिराणी बोलणारी म्हातारी बाई काय मागते हे कळणारा एक तरी माणूस काउंटरवर असावा. तो असतोच, फक्त गणवेश घातल्यावर त्याने हिंदीतच बोलावे असे त्याला कोणी शिकवले, हे मला समजलेले नाही.

शेवटी एक मागणी नगरपालिकांकडे, कारण या स्पर्धेत त्यांचाही वाटा आहे आणि त्याविषयी कोणी लिहीत नाही. बस्त्याला आलेल्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाजारात असतात. जुन्या बाजारपेठांत त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसते, आणि असलेच तर त्याला कुलूप असते किंवा आत पाणी नसते. मोठ्या दुकानात ते असते, बसायला जागा असते आणि गाडी लावायला पटांगण असते. माझ्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने दुकानामागील स्वतःच्या घराचे न्हाणीघर गिऱ्हाईक बायकांसाठी खुले ठेवले आहे आणि गर्दीच्या मोसमात त्याची बायको दिवसभर तेथेच राबत असते. बाजारातील प्रत्येकाचे घर दुकानामागे नसते. व्यापारी बाजारपेठेतील गाळ्यांचे भाडे आणि कर नियमित भरतात, त्याच्या पावत्या मीच फाइलला लावतो. त्या पैशातून अमळनेरच्या मुख्य बाजारात, आणि जेथे नाही त्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारात, महिलांसाठी पाणी आणि सफाई कामगार असलेले एक स्वच्छतागृह येत्या लग्नसराईपूर्वी सुरू करावे, आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस,
अमळनेर, जि. जळगाव